सहलीच्या गप्पा आणि 'संपर्कभाषणा'ची कल्पना

डिस्नीलँड या अमेरिकन क्रीडोद्यानाविषयी गेल्या पन्नास वर्षांत चिकित्सक लेखन पुष्कळ झाले आहे. लुई मारँ या फ्रेंच विचारवंताने १९७३ मध्ये त्या उद्यानाचा नकाशा एखाद्या ग्रंथासारखा वाचला आणि आदर्श नगरीची कल्पना तेथे कशी बिघडलेल्या रूपात अवतरली आहे हे दाखविले. उम्बेर्तो एको याने १९७५ मध्ये आपल्या अमेरिकेतील भ्रमंतीवर लिहिताना, नक्कल ही अस्सलाहून सरस वाटावी अशी योजना तेथे कशी केलेली असते, याचे मार्मिक विवेचन केले. पुढे १९८१ मध्ये झाँ बोद्रियारने तर असे प्रतिपादन केले की, डिस्नीलँड काल्पनिक म्हणून मांडले जाते ते केवळ त्याच्या कुंपणाबाहेरची अमेरिका खरी आहे असे भासावे म्हणून. तिन्ही विवेचने बुद्धिमान आहेत व त्यांचा प्रभाव अद्याप ओसरलेला नाही. परंतु ती लागोपाठ वाचली असता एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. या तिघांच्या उद्यानांत माणसे चालतात, रांगेत उभी राहतात, पैसे मोजतात. बोलत मात्र कोणीच नाही.

भाषेच्या अभ्यासकास ही उणीव खटकल्यावाचून राहणार नाही. कारण या उद्यानांभोवती जो भाविक म्हणावा असा चाहतावर्ग तयार झाला आहे तो बोलण्यात कोणास हार जाणारा नाही. कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नीलँड उघडले. फ्लॉरिडातील वॉल्ट डिस्नी वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी. ज्यांचे बालपण पहिल्या उद्यानात गेले ते आज आजोबा-आजी झाले आहेत. ही मंडळी वर्षाआड, काही तर दरवर्षी, जवळ राहणारी दरमहाही तेथे जातात; आणि ज्या दिवशी जात नाहीत त्या दिवशी परस्परांशी जाण्याविषयी बोलतात. यंदा केव्हा जाणार, उतरणार कोठे, पहाटे दार उघडण्यापूर्वी पोहोचणे जमेल काय, गुडघा कसा आहे, सुनेचे दिवस भरत आले असतील, वडिलांच्या तपासण्यांचे काय झाले, नवी गाडी पाहिली काय, असे सर्व विषय एका दमात, एकाच वाक्यात कधी कधी, येऊन जातात. बाहेरच्या माणसास हे बोलणे निरर्थक वाटते. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो याच निरर्थकतेचा.

असे बोलणे दिसले की भाषाशास्त्रात एक तयार उत्तर हाताशी असते. ब्रोनिस्लाव्ह मालिनोव्स्की याने १९२३ साली ऑग्डेन व रिचर्ड्स यांच्या अर्थविषयक ग्रंथास जोडलेल्या पुरवणी-निबंधात या प्रकारास 'फॅटिक कम्यूनियन' असे नाव दिले. आपण त्यास संपर्कभाषण म्हणू. शब्दांची देवघेव झाली एवढ्यानेच जेथे माणसे जोडली जातात, आणि शब्दांचा अर्थ काय याला जेथे जवळजवळ काहीच महत्त्व नसते, ते संपर्कभाषण. हवापाण्याची चर्चा हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. परंतु मालिनोव्स्कीने प्रकृतीची विचारपूस हीही त्याच ओळीत बसविली आहे, हे विसरले जाते. रोमान याकोबसनने १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात भाषेची सहा कार्ये सांगितली, तीत या कार्यास संपर्कमार्ग खुला आहे की नाही हे पाहण्याचे काम दिले. जॉन लेव्हर याने १९७५ मध्ये भेटीच्या आरंभी व शेवटी अशा बोलण्याने काय साधते याची बारकाईने मांडणी केली. तिघांत भेद आहेत. तथापि एका गोष्टीवर एकमत आहे. येथे आशय गौण आहे.

हे मत कितपत टिकते ते एका नमुन्यावर पाहू. खालील संभाषण कोणाचे टिपून घेतलेले नाही. या वर्तुळात जे सतत ऐकू येते त्याच्या धर्तीवर ते विवेचनासाठी रचले आहे. बोलणाऱ्या दोघी पन्नाशीच्या पुढच्या, अमेरिकेतल्या, अनेक वर्षांच्या ओळखीच्या. (इंग्रजीत मध्यमपुरुषी सर्वनाम एकच असल्यामुळे मराठीत 'तू' की 'तुम्ही' याचा निर्णय आपणांस करावा लागतो, त्यांना तो कधीच करावा लागलेला नाही. येथे 'तू' योजिले आहे.)

'मग, ऑक्टोबरात जाताय ना?'

'जातोय. पण या खेपेस सहाऐवजी चारच दिवस. नवऱ्याच्या गुडघ्याचे तुला ठाऊकच आहे. चाकांची गाडी भाड्याने घ्यावी लागेल, आणि त्याला ती नको आहे.'

'माझ्या आईनेही आधी नकोच म्हटले होते. दुसऱ्या दिवशी तीतून उतरायला तयार नव्हती.'

'तसेच होणार बघ (हसते). डॉक्टर म्हणतात, हिवाळ्यात शस्त्रक्रिया करून टाका.'

'म्हणजे वसंतात तुम्हाला पुन्हा जावे लागणार.'

यात हवापाण्यासारखे काय आहे? सहाचे चार दिवस होणे हा एक वैद्यकीय अहवाल आहे. नवरा किती चालू शकतो, किती वेळ उभा राहू शकतो, दुपारी त्यास खोलीवर परतावे लागते काय, हे सर्व त्या एका वजाबाकीत सांगून झाले, आणि ऐकणारीने ते अचूक घेतले. कारण तेथील एका दिवसात किती मैल चालणे होते हे तिला स्वतःच्या पायांनी ठाऊक आहे. 'त्याला ती नको आहे' हे वाक्य तर प्रकृतीविषयी नाहीच. म्हातारपण मान्य न करणाऱ्या पुरुषाविषयी, आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्या स्त्रीविषयी ते आहे. दुसरीने त्यावर उपदेश केला नाही. तिने आपल्या आईची गोष्ट सांगितली, तीही भूतकाळात. आई आता आहे की नाही हे पहिलीला माहीत असावे. आपणांस कळत नाही, व कळण्याची गरजही पडत नाही. आणि शेवटचे वाक्य वरवर पाहता सहलीचे आहे. वस्तुतः ते 'शस्त्रक्रिया नीट पार पडेल' असे आश्वासन आहे. तसे ते उघड म्हटले असते तर पोकळ वाटले असते, कारण असे आश्वासन देण्याचा अधिकार कोणासच नसतो. वसंतातल्या सहलीचा बेत करण्याचा अधिकार मात्र मैत्रिणीला आहे.

संभाषणाच्या सूक्ष्म अभ्यासाने येथे मदत होते. हार्वी सॅक्स याने १९७५ च्या एका लेखात दाखविले की, 'कसे काय?' या प्रश्नास खरे उत्तर द्यावयाचे तर आपली व्यथा ऐकण्याचा त्या माणसाशी आपला संबंध आहे काय हे प्रथम ठरवावे लागते; नसेल तर 'ठीक' म्हणून खोटे बोलणे हाच शिष्टाचार. गेल जेफर्सन हिने १९८४ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. आपली अडचण सांगणारा माणूस मध्येच हसतो, आणि समंजस श्रोता त्या हसण्यात सामील होत नाही. वरील नमुन्यात तसेच घडले आहे. तिने असेही दाखविले की, अडचणीच्या बोलण्यातून बाहेर पडणे हे त्यात शिरण्याहून अवघड असते. एकदम विषय बदलला तर श्रोता निष्ठुर ठरतो. न बदलला तर दोघेही त्यात अडकतात. पायरीपायरीने उतरावे लागते.

माझे म्हणणे असे की, डिस्नी-चाहत्यांच्या गप्पांत सहल हा विषय नसून ही पायरी आहे. चढण्याची तीच आणि उतरण्याचीही तीच. 'केव्हा जाणार?' हा प्रश्न 'प्रकृती कशी आहे?' या प्रश्नापेक्षा अधिक विचारतो आणि कमी भाग पाडतो. त्यास तारीख सांगून थांबता येते. कारण सांगून पुढे जाता येते. आणि फार पुढे गेलो असे वाटले तर हॉटेलाच्या दराकडे वळता येते, त्यात कोणाचा अवमान होत नाही. मालिनोव्स्कीच्या कल्पनेत असे बोलणे माणसांना जोडते खरे, परंतु कशानेही जोडते. शब्द बदलले तरी गाठ तीच. येथे तसे नाही. सहलीऐवजी हवेचा विषय घातला तर वरचे संभाषण उभेच राहत नाही, कारण हवेला भविष्यकाळाचा बेत नाही आणि पायांची मोजणी नाही.

या बोलण्यातील कालगणनाही पाहण्यासारखी आहे. सहलीस किती दिवस उरले याचा आकडा चाहत्यांच्या तोंडी असतो, हे सर्वांस दिसते. भूतकाळाची गणना त्याहून विलक्षण आहे. बंद पडलेल्या करमणुकींना ही मंडळी इंग्रजीत नामशेष झालेल्या प्राणिजातींचे विशेषण लावतात; आणि त्या नामशेष गोष्टींवर कुटुंबाच्या इतिहासाच्या खुणा बांधतात. एपकॉट या विभागातील 'होरायझन्स' ही सफर १९८३ मध्ये सुरू झाली व १९९९ मध्ये कायमची थांबली. 'होरायझन्स होते तेव्हा आमचा थोरला तीन वर्षांचा होता' हे वाक्य या वर्तुळात कोणास समजावून द्यावे लागत नाही. फ्लॉरिडातील बेडूकरावाची सफर सप्टेंबर १९९८ मध्ये बंद झाली, त्यापूर्वी चाहत्यांनी उद्यानात जाऊन शांतपणे निषेध नोंदविला होता. 'स्प्लॅश माउंटन' दोन्हीकडे २०२३ मध्ये बंद झाले. आपल्याकडे जुनी माणसे 'प्लेगच्या साली', 'पानशेतच्या पुराच्या वर्षी' असे म्हणत, त्या जातीचीच ही गणना आहे. फरक एवढाच की तेथे खूण रोवणारा निसर्ग नसून एका कंपनीचे संचालक मंडळ आहे. २०२० मध्ये मात्र दोन्ही खुणा एक झाल्या. मार्चात दोन्ही उद्याने बंद पडली. फ्लॉरिडातील जुलैत उघडले, अनाहाइमचे थेट ३० एप्रिल २०२१ रोजी. त्या मधल्या काळाविषयी बोलताना या मंडळींस महासाथ हा शब्द वापरण्याचे कारणच पडत नाही. 'बंद होते तेव्हा' एवढे पुरते, आणि त्या तीन शब्दांत कोण गेले, कोणास निरोप देता आला नाही, हेही येते.

शब्द वस्तूहून अधिक जगतो याचे एक सुंदर उदाहरण येथे नोंदवितो. १९५९ मध्ये डिस्नीलँडच्या तिकीटपुस्तिकेत सर्वांत थरारक सफरींसाठी 'ई' वर्गाचे तिकीट आले. १९८२ मध्ये ही पद्धत बंद झाली. पुढच्याच वर्षी, १९८३ च्या जूनमध्ये, सॅली राइड ही अमेरिकेची पहिली अंतराळयात्री महिला वर गेली तेव्हा उड्डाणाचे वर्णन करण्यास तिला हेच रद्द झालेले तिकीट आठवले.

क्रियापदांकडे वळू. हे चाहते उद्यान 'पाहत' नाहीत, तेथे 'जात'ही नाहीत. ते उद्यान 'करतात'. इंग्रजीतील साधे 'डू' हे क्रियापद ते एकेका सफरीस व सबंध सहलीसही लावतात. इंग्रजी व्याकरणाच्या दृष्टीने हा प्रवाशांचा सैल प्रयोग समजला जातो. मराठी वाचकास मात्र त्यात नवल वाटू नये. 'काशी केली', 'चारी धाम केले', 'वारी करतो' असे आपण म्हणतो. 'महाबळेश्वर केले' असे मात्र सहसा म्हणत नाही. स्थळ जेव्हा कर्तव्याच्या यादीत जाते आणि त्याचे पूर्ण होणे मोजले जाते, तेव्हा 'करणे' येते.

हे साम्य ओढूनताणून आणलेले नाही. त्यास एक लिखित इतिहास आहे. इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा पंढरीच्या वारीवरील लेख १९६२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. व्हिक्टर टर्नर याने यात्रांविषयीचा आपला सिद्धान्त १९७४ मध्ये मांडताना पंढरपूरचे उदाहरण घेतले व कर्व्यांच्या निरीक्षणांचा आधार घेतला. टर्नरच्या या विचारधारेवरून अलेक्झांडर मूर या मानवशास्त्रज्ञाने १९८० मध्ये वॉल्ट डिस्नी वर्ल्ड हे एक क्रीडामय यात्रास्थान आहे असे प्रतिपादिले. पुण्याहून निघालेली वाट अशी फ्लॉरिडात पोहोचली. परंतु वाटेत एक गोष्ट गळाली. कर्वे दिंडीत चालल्या आणि बायकांचे बोलणे त्यांनी ऐकले. दिंडीतील पंक्तिभेद त्यांना खुपला तोही त्या जेवणा-बोलण्यात होत्या म्हणून. मूरच्या लेखात प्रवेशद्वारे आहेत, सीमा आहेत, विधी आहेत. यात्रेकरू पुन्हा मुका झाला आहे. मारँ व बोद्रियार यांच्याहून मूर अधिक सहृदय आहे, पण ऐकत तोही नाही. साम्यही फार ताणू नये. वारीस तिथी आहे आणि तिकीट नाही. तेथे उलट आहे. दोहोंत खरोखर समान आहे ते इतकेच की, तीच वाट दरवर्षी चालल्याने शरीरात काय बदलले ते कळते, आणि बरोबर चालणाऱ्यालाही कळते.

आता या बोलण्याची दुसरी बाजू. येथवरच्या विवेचनावरून कोणास वाटेल की प्रस्तुत लेखक एका व्यापारी संस्थेच्या छायेतील गप्पांचे गोडवे गात आहे. तसे नाही. 'ग्राहक' न म्हणता 'पाहुणे', 'नोकर' न म्हणता 'नटसंचातील सभासद' म्हणावयाचे, ही कंपनीची परिभाषा चाहत्यांनी सहज उचलली आहे. 'जादू' हा तिचा आवडता शब्द तर त्यांच्या बोलण्यात झिजून गुळगुळीत झाला आहे. मात्र आजाराविषयी बोलताना ही परिभाषा त्यांच्या तोंडी क्वचितच येते, आणि पैशाविषयी बोलताना ते कंपनीस नुसते 'उंदीर' म्हणतात, हे लक्षात घ्यावे. १९५५ मध्ये प्रौढांस एक डॉलर प्रवेशशुल्क होते, सफरींचे वेगळे. ऑक्टोबर २०२४ मध्ये डिस्नीलँडच्या सर्वांत महाग दिवसाचे एका उद्यानाचे तिकीट २०६ डॉलर झाले. म्हणून 'यंदा नाही' या उत्तरास हल्ली दोन अर्थ असू शकतात: झेपत नाही ते शरीरास की खिशास, हे त्यावरून कळत नाही. सहलीच्या चौकटीचा हा उपकारच म्हणावा लागेल. लाज दोन्हीची वाटते, आणि एक शब्दप्रयोग दोन्ही झाकतो. परंतु ज्याने कधी तिकीटच घेतले नाही त्याला या संभाषणात बोलण्याची पाळी येत नाही, हेही तितकेच खरे.

जेथे ही चौकट मोडते ते स्थळ मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्यांना रांगेत उभे राहणे अशक्य आहे अशांसाठी या उद्यानांत पूर्वी एक साहाय्यपत्र मिळे. त्याचा गैरवापर होतो या कारणाने ऑक्टोबर २०१३ मध्ये ते बंद करून नवी सवलत-व्यवस्था आणली गेली. आणि २०२४ मध्ये तीही आकुंचित करून प्रामुख्याने ऑटिझम वा तत्सम विकासात्मक विकलांगता असणाऱ्यांपुरती ठेवण्यात आली. अर्जदारास कर्मचाऱ्यासमोर, बहुधा चित्रसंवादाद्वारे, आपली अडचण सांगावी लागते. आता 'मला फार वेळ उभे राहवत नाही' हे एकच वाक्य घ्या. मैत्रिणीजवळ ते अर्ध्यावर सोडता येते; उरलेले ती भरून घेते. कर्मचाऱ्यासमोर ते पूर्ण करावे लागते: का, किती वेळ, उभे राहिल्यास नेमके काय होते. तेथे हसून चालत नाही. हसणाऱ्याची अडचण खरी नसावी असा संशय येतो. म्हणजे व्यथा सांगण्याचे जे व्याकरण मैत्रीत सभ्यतेचे, तेच अर्जात खोटेपणाचे लक्षण ठरते. याचा परिणाम उलट दिशेनेही झाला. कोणास सवलत मिळाली, कोणास नाकारली, कोण खरोखर पात्र होता, या चर्चा चाहत्यांच्या आपसांतील गप्पांत शिरल्या. आणि पूर्वी 'गुडघा' एवढा शब्द पुरत असे तेथे आता माणसे न विचारता पुरावे देऊ लागली आहेत. आजार हा निवेदनाचा विषय होता, तो निवाड्याचा झाला. मालिनोव्स्कीच्या मोजपट्टीने हा बदल दिसणारच नाही. तिच्या लेखी दोन्ही ठिकाणी प्रकृतीचीच विचारपूस चालली आहे.

मृत्यूविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. २०१८ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल' या अमेरिकन दैनिकाने वृत्त दिले की, आप्तांची रक्षा गुपचूप आणून या उद्यानांत विसर्जित करण्याचे प्रकार घडतात. कंपनीच्या नियमांत हे बसत नाही, आणि सफाई करणाऱ्यांस ती रक्षा उचलावी लागते, हे उघड आहे. बोद्रियारच्या वाचकास यात भासमय जगाचा कळस दिसेल. परंतु रक्षा ही कशाचीही प्रतिकृती नव्हे. जो माणूस ती नेतो त्याच्या घरी वर्षानुवर्षे 'आता पुढच्या खेपेस' असे वाक्य बोलले गेलेले असते, आणि त्या वाक्याचा कर्ता मध्येच नाहीसा झालेला असतो. हे कृत्य योग्य की अयोग्य, हा भाषाशास्त्राचा प्रश्न नाही. ते वाक्य ऐकल्याशिवाय कृत्य समजत नाही, हा आहे.

या अभ्यासास पुढे न्यावयाचे तर एकेका भेटीतील संभाषण पुरणार नाही. त्याच दोन व्यक्तींचे बोलणे दहा-पंधरा वर्षे ऐकावयास हवे. सहाचे चार दिवस झाले, चाराचे दोन झाले, यातले व्याकरण तेव्हाच हाती येईल. विशेषतः ज्यांचे जाणे आता कायमचे थांबले आहे अशी वृद्ध मंडळी या गप्पांत कशी टिकून राहतात, हे तपासण्याजोगे आहे. त्यांच्या बोलण्यातून प्रथमपुरुषी भविष्यकाळ निघून जातो. सूचना देणे वाढते: अमुक दुकानातले अमुक खा, दुपारी उन्हात फिरू नका, लेकराला टोपी घाला. आणि दरवर्षी उन्हाळा सरू लागला की पहिला प्रश्न तेच विचारतात: यंदा कोण कोण जाणार?